माहिती पुसताना उष्णता का निघते, आणि तुमचा लॅपटॉप त्यामुळे का तापत नाही

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. शेवटच्या वर्षाच्या सेमिनारसाठी वाचताना तुम्हाला एक विधान सापडलं: गणना करायला ऊर्जा लागलीच पाहिजे असं नाही, पण एक बिट, म्हणजे ० किंवा १ एवढी माहिती, पुसायला मात्र लागतेच, आणि ही मर्यादा भौतिकशास्त्राने घातलेली आहे. त्यावर तुमच्या मित्राने विचारलं की मग फोनमधले हजार फोटो डिलीट केले तर फोन तापायला हवा. डेटा सेंटरांनी काहीच पुसलं नाही तर वीज वाचायला हवी. शिवाय लॅपटॉप तापतो तो याचमुळे का, हेही तुम्हाला विचारायचं आहे.

मी गेली २२ वर्षं पुण्यात कमी विजेवर चालणाऱ्या चिप्सच्या डिझाइनचं काम करतो, त्यातली बरीच वर्षं मेमरीवर. एका बिटमागे किती ऊर्जा, हा माझ्यासाठी रोजच्या हिशेबाचा प्रश्न आहे. तुमच्या मित्राच्या सगळ्या शंकांना माझं उत्तर ‘नाही’ असंच आहे. मात्र प्रत्येक ‘नाही’चं कारण वेगळं आहे आणि ती कारणं पाहिली की मूळ नियम नीट कळतो.

खरी अडचण ‘पुसणं’ या शब्दात आहे. फोनवर फोटो डिलीट करता तेव्हा फोटोचे बिट जागचे हलतही नाहीत. ही जागा आता मोकळी समजा, एवढी नोंद यादीत होते. म्हणजे त्या क्षणी काही पुसलं जात नाही, उलट थोडं लिहिलंच जातं. खरं पुसणं नंतर होतं, फ्लॅश मेमरीचा, म्हणजे फोनमधल्या साठवणुकीच्या चिपचा, कंट्रोलर सवडीने एकेक ब्लॉक रिकामा करतो तेव्हा. त्यासाठी चिपच्या आत वीसेक व्होल्ट तयार करून पेशींमध्ये, म्हणजे बिट साठवणाऱ्या बारीक कप्प्यांमध्ये, अडकलेले इलेक्ट्रॉन बाहेर ओढावे लागतात, आणि या कामाला काही मिलिसेकंद जातात. ही ऊर्जा खरी आहे, मोजता येते, पण ती त्या तंत्राची किंमत आहे. तंत्र बदललं की किंमतही बदलते. तुम्ही वाचलेला नियम तंत्र कोणतंही असलं तरी लागू होतो, आणि त्याचा आकडा या सगळ्याच्या फार खाली आहे.

तो नियम रॉल्फ लँडाउअर यांनी १९६१ साली आयबीएममध्ये काम करत असताना मांडला. त्यांच्या व्याख्येतलं पुसणं असं: आधी बिट ० असो वा १, कृती संपल्यावर ते ०च असलं पाहिजे, आणि कृती दोन्ही वेळा एकच असली पाहिजे. शाळेतली पाटी आठवा. ओलं फडकं फिरवताना वर काय लिहिलंय ते वाचावं लागत नाही. पाढे असोत की कविता, हात तसाच फिरतो, आणि नंतर कोऱ्या पाटीकडे पाहून आधी काय होतं ते सांगता येत नाही. दोन वेगळे भूतकाळ एकाच वर्तमानात येऊन मिळाले. आता गोम अशी, की अणुरेणूंच्या हालचालीचे मूलभूत नियम असं मिळू देत नाहीत. प्रत्येक कणाची आजची स्थिती नेमकी माहीत असेल तर कालची काढता येते, असं ते नियम सांगतात. मग बिटमध्ये असलेला ‘० की १’ हा फरक नाहीसा झाला म्हणजे तो दुसरीकडे कुठेतरी गेला. तो जातो भोवतालच्या रेणूंच्या धावपळीत, म्हणजेच उष्णतेत.

किती उष्णता, ते काढायला एक डबा घ्या. आत एकच रेणू आहे आणि मध्ये पडदा. रेणू डावीकडे असेल तर ०, उजवीकडे असेल तर १. कुठे आहे हे न बघता तो डावीकडे आणायचाय. पडदा काढा, रेणू सगळ्या डब्यात फिरू लागेल. मग उजव्या टोकाकडून दट्ट्या अगदी हळू मध्यापर्यंत ढकला आणि पडदा परत लावा. रेणू आता डावीकडेच आहे. या खटाटोपात तुम्ही एका रेणूचा वायू स्थिर तापमानाला निम्म्या जागेत दाबलात. त्याला लागणारं काम समतापी आकुंचनाच्या नेहमीच्या सूत्रातून निघतं: बोल्ट्झमनचा स्थिरांक गुणिले केल्व्हिनमधलं तापमान गुणिले २चा नैसर्गिक लॉगॅरिदम, म्हणजे ०.६९३. रेणूची सरासरी ऊर्जा आधी होती तेवढीच राहिली, म्हणून केलेलं सगळं काम उष्णता होऊन डब्याबाहेर जातं. तापमान ३०० केल्व्हिन धरलं तर उत्तर येतं सुमारे २.९ झेप्टोज्यूल. झेप्टो म्हणजे दशांशचिन्हानंतर वीस शून्यं आणि मग एक.

हा आकडा हाताला लागावा म्हणून एक टेराबाइटचा हिशेब करू. एक टेराबाइट म्हणजे ८ लाख कोटी बिट. ते सगळे पुसायला हा नियम मागतो सुमारे २३ नॅनोज्यूल. दोन-अडीच मिलिग्रॅमचा एक डास मिलिमीटरभर वर उचलायला साधारण इतकीच ऊर्जा लागते. आता तीच एक टेराबाइटची फिरती हार्ड डिस्क खरोखर शून्यं लिहून पुसली, सेकंदाला १५० मेगाबाइटच्या वेगाने, तर दोन तासांच्या आत काम होतं. डिस्क ६ वॅट घेत असेल तर खर्च सुमारे ४० हजार ज्यूल. म्हणजे नियमाने मागितलेल्याच्या जवळजवळ पावणेदोन लाख कोटी पट. मित्राला हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहून दाखवा.

आता त्या डब्याच्या गोष्टीतले ‘न बघता’ हे दोन शब्द. सगळा नियम त्यांच्यावर उभा आहे आणि वाचताना ते सहज सुटतात. समजा तुम्हाला आधीच माहीत आहे की रेणू उजवीकडे आहे. मग डबा मोकळा करून दाबण्याची गरजच नाही. पडदा आणि उजवी भिंत यांच्यामधलं अंतर तेवढंच ठेवून दोन्ही एकत्र, सावकाश डावीकडे सरकवा. रेणू जेवढ्या जागेत होता तेवढ्याच जागेत राहिला, काही दाबलं गेलं नाही, खर्च हवा तितका कमी करता येतो. म्हणजे माहीत असलेलं बिट शून्यावर आणायला ही किंमत पडत नाही. किंमत पडते ती माहीत नसलेलं बिट माहीत असलेल्या स्थितीत आणायची.

तुम्ही लगेच म्हणाल, मग आधी बघून घ्यावं आणि फुकटात पुसावं. हीच युक्ती १८६७ साली जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी कल्पिलेल्या राक्षसाची होती, जो एकेक रेणू पाहून दार उघडतो-मिटतो आणि काही खर्च न करता गरम-थंड वेगळं करतो. एका रेणूचा डबा लिओ झिलार्ड यांनी १९२९ साली याच राक्षसाचा छडा लावायला वापरला होता. पुढे बरीच वर्षं समज असा होता की बघण्यालाच ऊर्जा लागते आणि राक्षस तिथे अडकतो. चार्ल्स बेनेट यांनी १९८२ साली दाखवलं की बघणं तत्त्वतः फुकट करता येतं. पण बघितलं म्हणजे ‘उजवीकडे’ ही नोंद राक्षसाच्या डोक्यात गेली. पुढच्या रेणूसाठी ते डोकं रिकामं करायला हवं, आणि तिथे लँडाउअरची किंमत उभी राहते. बिल चुकवलं गेलं नाही, दुसऱ्या खिशात गेलं.

माझ्या कामातलं एक उदाहरण इथे चपखल बसतं. आजचे फोन साठवलेली सगळी माहिती एका गुप्त किल्लीने कूटबद्ध करून ठेवतात. फॅक्टरी रीसेट करता तेव्हा मुख्यतः ती किल्ली नष्ट होते, २५६ बिटांची. नियमाने त्याची किमान किंमत ७ गुणिले १०चा उणे १९वा घात ज्यूल, म्हणजे काहीच नाही. आणि त्यानंतर १२८ गिगाबाइट माहिती कुणालाही न वाचता येणारा गोंगाट होऊन बसते. तेवढ्यात सगळं पुसलं गेलं का? वापरणाऱ्याच्या दृष्टीने हो. भौतिकशास्त्राच्या दृष्टीने नाही, ते बिट तिथेच आहेत. बदललं ते एवढंच की आता त्यांच्याबद्दल तुम्हाला काही माहीत नाही. ती जागा नव्याने वापरताना प्रत्येक बिट ‘न बघता’ शून्यावर आणावं लागणार. किल्ली विसरून तुम्ही खर्च टाळला नाहीत, पुढच्या कुणावर तरी टाकलात. हे माझ्या ध्यानात आलं त्या दिवशी लँडाउअरचा नियम मला पहिल्यांदा पोटातून कळला, तोवर सूत्र नुसतं पाठ होतं.

इथपर्यंतचं थोडक्यात: डिलीट म्हणजे पुसणं नव्हे, पुसण्याची किंमत पडते ती फक्त माहीत नसलेल्या बिटांना, आणि ती प्रत्यक्ष यंत्रांच्या खर्चापुढे नगण्य. आता लॅपटॉपकडे येऊ.

प्रोसेसर क्लॉकच्या, म्हणजे चिपच्या घड्याळाच्या, प्रत्येक ठोक्याला १० कोटी बिटांवर काहीतरी नवं लिहितो असं धरा आणि क्लॉक ३ गिगाहर्ट्झचा. सगळी बिटं आधी अज्ञात होती असं समजून लँडाउअरच्या दराने हिशेब केला तरी एक मिलिवॅटसुद्धा भरत नाही. तुमची चिप १५ ते ४५ वॅट टाकते. मग उरलेलं कुठून येतं? आपण बिट ज्या पद्धतीने लिहितो त्यातून. चिपमध्ये १ म्हणजे एका चिमुकल्या कपॅसिटरवर भार, ० म्हणजे तो रिकामा. एक फेम्टोफॅरड आणि ०.८ व्होल्ट धरा. पुरवठ्याला ट्रान्झिस्टरने एकदम जोडलं की पुरवठा जेवढी ऊर्जा देतो तिच्यातली निम्मी वाटेतच जळते, रोध कितीही कमी असला तरी. उरलेली निम्मी पुढे तो कपॅसिटर जमिनीला, म्हणजे सर्किटच्या शून्य व्होल्टला, जोडून रिकामा करतो तेव्हा जळते. प्रत्येक वेळी साधारण ०.३२ फेम्टोज्यूल. लँडाउअरच्या आकड्याच्या लाखापट आणि वर थोडं.

मेमरीत तर याहून मोठा फरक पडतो. एका प्रकल्पात सुरक्षेसाठी चिप बंद होण्याआधी सगळी एसरॅम, म्हणजे चिपवरची वेगवान मेमरी, शून्याने भरायची होती. माझ्या हाताखालच्या एका मुलाने अंदाज बांधला की निम्म्या पेशींत आधीच ० असणार, तेव्हा तिथे खर्च वाचेल. मोजलं तर ०वर ० लिहा की १वर ० लिहा, आकडा जवळपास तोच. कारण खर्च पेशीत होतच नव्हता. शेकडो पेशींना जोडणाऱ्या लांब तारांची जोडी, जिच्यातल्या प्रत्येक तारेला आम्ही बिटलाइन म्हणतो, ती प्रत्येक लेखनाआधी पूर्ण भरली जाते आणि लिहिताना तिच्यातली एक तार रिकामी केली जाते. ५० फेम्टोफॅरडची बिटलाइन ०.८ व्होल्टला म्हणजे ३२ फेम्टोज्यूल, लँडाउअरच्या कोटीपट. तार भरताना पेशीत काय आहे याची तिला पर्वा नसते. त्या मुलाचा विचार चुकीचा नव्हता. माहिती असली की खर्च वाचतो हे तत्त्व त्याने बरोबर पकडलं होतं. आमचं सर्किट त्या माहितीचा उपयोगच करत नव्हतं.

इथे माझं एक मत आहे, ते मत म्हणूनच घ्या. ‘आपण लाखापट वर आहोत, म्हणजे लँडाउअरचा व्यवहारात संबंध नाही’ असं आमच्या क्षेत्रातले पुष्कळ लोक म्हणतात. मला ते पटत नाही. उष्णतेच्या धक्क्यांनी बिट आपोआप उलटू नये म्हणून ० आणि १ यांच्यामध्ये ऊर्जेची पुरेशी उंच भिंत ठेवावी लागते, औष्णिक ऊर्जेच्या (बोल्ट्झमनचा स्थिरांक गुणिले तापमान) काही दशक पट तरी. साधं सर्किट प्रत्येक वेळी नवं मूल्य लिहिताना जुनं काय होतं ते न विचारता ही सगळी ऊर्जा जमिनीत ओततं. म्हणजे लाखापट खर्चाचं मूळही ‘न बघता पुसणं’ हेच आहे, फक्त पाटी पुसायला आपण पाण्याची टाकी उपडी करतोय.

थंड करून काम होईल का, हा पुढचा स्वाभाविक प्रश्न. सूत्रात तापमान आहे, तेव्हा ४ केल्व्हिनला बिटमागे किमान खर्च ७५ पटींनी उतरतो. पण ती उष्णता ४ केल्व्हिनमधून ३०० केल्व्हिनच्या खोलीत आणून टाकायला आदर्श शीतयंत्रालाही प्रत्येक ज्यूलमागे ७४ ज्यूल काम करावं लागतं. ७४ आणि मूळचा १, झाले ७५. आपण अगदी जिथे होतो तिथेच आलो. मला हा ताळा फार आवडतो, कारण नियम किती घट्ट विणलेला आहे ते त्यात दिसतं. अशा थंडीत चालणाऱ्या अतिवाहक, म्हणजे विजेला रोध नसलेल्या, सर्किटांना इतर फायदे आहेत, ही किमान मर्यादा चुकवणं हा त्यातला नाही.

मित्राच्या डेटा सेंटरकडे वळतो. काहीच न पुसता गणना करता येते, हे बेनेट यांनी १९७३ सालीच दाखवलं होतं. साध्या अँड गेटमध्ये (दोन्ही बिट १ असतील तरच १ देणारं सर्किट) दोन बिट आत जातात आणि एक बाहेर येतं, त्यामुळे आत काय होतं ते परत काढता येत नाही. पण उलट दिशेने चालवता येतील अशी गेट बनवता येतात, टोमासो टोफोली यांच्या नावाचं गेट हे त्यातलं प्रसिद्ध. अडचण कचऱ्याची. अशी गणना पायरीपायरीला मधली उत्तरं साठवत जाते. ती साठवून ठेवाल तर स्मृती भरेल, फेकाल तर लँडाउअर. बेनेट यांनी काढलेली वाट अशी: गणना पूर्ण करा, फक्त अंतिम उत्तराची कोऱ्या जागेत नक्कल करा, आणि मग सगळी गणना उलटी चालवून कचरा होता तसा कोरा करा. मूळ प्रश्न आणि उत्तर तेवढे उरतात. वेळ जवळपास दुप्पट लागतो, जागाही लागते. डेटा सेंटरने नुसतं डिलीट बंद केलं तर यातलं काही होत नाही. नव्या डिस्क विकत घ्याव्या लागतील, त्या बनवायला आणि फिरत्या ठेवायला वीज लागेल, आणि ती विजेची रक्कम पुसण्याच्या किमान खर्चाहून अफाट मोठी आहे.

हे सगळं कागदावरचंच आहे का, असं सेमिनारमध्ये कुणीतरी विचारेलच. २०१२ साली फ्रान्समध्ये लिओंच्या एकोल नॉर्मालमध्ये सर्जियो चिलिबेर्तो आणि सहकाऱ्यांनी हे मोजलं. पाण्यात सुमारे २ मायक्रोमीटरचा काचेचा मणी, लेसरने बनवलेल्या शेजारशेजारच्या दोन खळ्या, मणी डावीकडे की उजवीकडे हेच बिट. मधला उंचवटा कमी करायचा, मण्याला एका बाजूला ढकलायचं, उंचवटा परत वाढवायचा. घाई केली तर उष्णता जास्त. एका चक्राला तीस-चाळीस सेकंद दिले तर सरासरी त्या सूत्राच्या आकड्याला जाऊन टेकली. ‘सरासरी’ हा शब्द सेमिनारमध्ये गाळू नका, कारण एखाद्या वेळी मणी आपणहून हव्या त्या बाजूला जातो आणि खर्च मर्यादेच्या खालीही येतो. नियम सरासरीबद्दल आहे. या नियमाबद्दल वेगळाही सूर निघतो. अमेरिकेतल्या पिट्सबर्ग विद्यापीठातले विज्ञानाचे तत्त्वज्ञ जॉन नॉर्टन यांचं म्हणणं असं, की या नियमाच्या नेहमीच्या सिद्धता मुळात उष्मागतिकीचा दुसरा नियम गृहीत धरूनच सुरू होतात, तेव्हा त्यांनी राक्षसाला हरवलं म्हणणं चक्राकार आहे. सिद्धतेबद्दलची त्यांची तक्रार मला रास्त वाटते. मोजलेले आकडे मात्र जागेवर आहेत.

शेवटी, सेमिनारसाठी एक प्रयोग सुचवतो, कॉलेजच्या प्रयोगशाळेत होईल असा. १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, १ किलोओहमचा रोध, फंक्शन जनरेटर आणि ऑसिलोस्कोप. रिकाम्या कपॅसिटरला ५ व्होल्ट एकदम द्या. रोधावरच्या व्होल्टतेच्या वर्गावरून जळालेली ऊर्जा काढा, साडेबारा मायक्रोज्यूल येईल. मग तेच ५ व्होल्ट १० मिलिसेकंदांत सरळ रेषेत चढवा, सुमारे सव्वादोन येईल. १०० मिलिसेकंदांत चढवा, पाव येईल. इथवर दिसलं की सावकाश गेलं तर खर्च हवा तितका उतरतो.

आता खरा भाग. मित्राला सांगा, तुम्हाला न दाखवता कपॅसिटर ५ व्होल्टला भरून ठेव किंवा रिकामा ठेव, आणि तुम्ही तो शून्यावर आणायचा. ५ आहे हे माहीत असेल तर जनरेटर ५वर ठेवून जोडा आणि १०० मिलिसेकंदांत खाली आणा, पाव मायक्रोज्यूलमध्ये काम होतं. माहीत नसेल आणि तुम्ही ५ धरून सुरुवात केलीत, पण तो रिकामा निघाला, तर जोडल्या क्षणी साडेबारा मायक्रोज्यूल रोधात जातात, मग पुढे कितीही सावकाश जा. शून्य धरून सुरुवात केलीत आणि तो भरलेला निघाला, तरी तेच. हा आकडा लँडाउअरच्या मर्यादेच्या कितीतरी कोटी कोटी पट वर आहे, हे फलकावर स्पष्ट लिहा, नाहीतर परीक्षक तिथेच अडवतील. मर्यादेपर्यंत उतरायचं तर लिओंच्या मण्यासारखी मधली भिंतच हळूहळू खाली आणता आली पाहिजे, आणि कपॅसिटरला तशी भिंत नाही. दोन्ही आलेख एकाच पडद्यावर ठेवा, वीस वेळा करा, आणि मित्र दरवेळी नाणं उडवूनच ठरवेल याची काळजी घ्या.